रडतेय म्हणून फुगली

माझ्या मुलीच्या डोक्यातलं प्रेशर वाढलंय हे डॉक्टरच्या आधी मला कळलं होतं. हे मी इतक्यांदा सांगितलंय की घरात आता कुणी ऐकत नाही. मी सुरुवात केली की नवरा पेपर तोंडासमोर धरतो. म्हणून एकदाचं लिहून काढते.

आम्ही तेव्हा घणसोली गावात एका चाळीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे कारकून. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. माझा बाप तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वाशीच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले. निकालाच्या दिवशी बापाने अख्ख्या गाळ्याला पेढे वाटले आणि विचारेल त्याला सांगितलं, "कशात झाली ते मला इचारू नका. पन झाली." हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे हीच बीएस्सी माझ्या तोंडावर फेकली गेली.

मुलगी जन्मली तेव्हा तिचं डोकं चारचौघींसारखंच होतं. मग ते वाढायला लागलं. टोपडी घट्ट होत गेली, कपाळ पुढे आलं, कपाळावरच्या निळ्या शिरा दिसायला लागल्या. आमची घरमालकीण गावातली जुनी आगरी बाई. तीच पोरीला न्हाऊ घालायची. ती म्हणायची, "कपाल बघ कसा मोठा हाय! नशीब घेऊन आयली हाय गो पोर." आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्यावर खूश. नशीबवान नात कुणाला नको?

मग पोरीचे डोळे खाली उतरले. बुबुळं खालच्या पापणीत अर्धी बुडायची आणि वर नुसतं पांढरं दिसायचं. समोर खुळखुळा वाजवला तरी ती वर बघायची नाही. तेव्हा आम्ही तिला घेऊन वाशीला धावलो. तिथल्या एका हॉस्पिटलात मुंबईचा मेंदूचा सर्जन आठवड्यातून एकदा यायचा. त्याने स्कॅन काढला आणि सांगितलं, डोक्यात पाणी आहे. हे पाणी प्रत्येकाच्याच डोक्यात तयार होतं आणि आपल्या वाटेने जिरून जातं. हिची वाट बंद आहे, म्हणून ते साठतंय आणि मेंदूला दाबतंय. त्याने ऑपरेशन करून एक नळी बसवली. डोक्यातून निघालेली, कानामागून कातडीखालून थेट पोटात सोडलेली. डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात उतरायचं आणि तिथे जिरायचं.

हात चांगला होता त्याचा, ते मी नाकारत नाही. ऑपरेशननंतर काही दिवसांतच पोरीचे डोळे वर आले. मी बांगड्या हलवल्या तर तिची नजर बांगड्यांमागे फिरली. आत्याबाईंनी तिची दृष्ट काढली, मीठमोहऱ्यांच्या धुराने खोली भरून गेली, आणि आम्ही सगळे खोकत खोकत हसत होतो.

डिस्चार्जच्या दिवशी मी सर्जनला विचारलं, "घरी मी काय बघायचं?"

"काही त्रास झाला तर घेऊन या."

"त्रास म्हणजे काय?"

"उलट्या. फिट. फार झोपायला लागली तर."

"आणि टाळू? टाळू कशी असायला पाहिजे?"

तो उठला होता. जाता जाता म्हणाला, "ते आम्ही बघू."

ते आम्ही बघू. पोर चोवीस तास माझ्याजवळ आणि हा आठवड्यातून एकदा वाशीला. त्याला आदराने 'ते' म्हणावं असं मला आजही वाटत नाही, म्हणून मी 'तो'च लिहिते.

त्याने एवढं जरी सांगितलं असतं ना, की आता टाळू थोडी आत गेलेली दिसेल, घाबरू नका, आणि वर आली तर मात्र घाबरा, तर पुढचं सगळं टळलं असतं. दोन वाक्यं. त्याने ती सांगितली नाहीत, आणि आमच्या घरात टाळूबद्दल जे ज्ञान होतं ते नेमकं उलटं होतं.

आमच्याकडे टाळू भरतात. बाळाला तेल लावून झालं की तळव्यावर तेल घ्यायचं, टाळूवर ओतायचं आणि हलक्या हाताने थोपटत राहायचं, जिरेपर्यंत. टाळू भरली की लेकरू बाळसं धरतं. टाळू खोल गेली की लेकरू चाललं. ऑपरेशन झालेल्या पोरीची टाळू आत गेलेली दिसली आणि आत्याबाईंचा चेहरा उतरला.

"आगं, ही टाळू बघ. वाटीवाणी झालीया. आपरेशन करून पोरीचं डोस्कं रिकामं केलं त्यांनी."

घरमालकीणही हात लावून बघून गेली. "ताकद नाय पोरीचे आंगान. तेल पायजे, बाय, तेल."

मी नाही म्हटलं. टाके आहेत, नळी आहे, तेल लावायचं नाही. यावरून रोज भांडण. आत्याबाई म्हणायच्या, "तू शिकलीस ते बुकं. पोरं म्या वाढिवली." मी बादलीत टॉवेल पिळता पिळता उत्तर द्यायची आणि नवरा दोघींच्या मधे बसून चहात बिस्किट बुडवायचा. टाके सुकले तशी मी जरा ढिली पडले; टाक्यांपासून लांब, नुसतं टाळूवर थोडं तेल लावू द्यायला लागले. तेलाने काही बिघडणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. हाडाखालच्या पाण्याला वरच्या तेलाचं काय?

आणि मग टाळू खरोखरच भरायला लागली.

हळूहळू. आधी खळगा उथळ झाला, मग सपाट झाला. एका सकाळी आत्याबाईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोठ्याने हाक मारली, घरमालकीण हातातलं काम टाकून आली, दोघींनी आळीपाळीने हात लावला. आत्याबाई वाटीत साखर घेऊन चाळीत निघाल्या. दारोदार सांगत, "नातीची टाळू भरली. त्यालानं भरली." लोक पोरीच्या गालाला हात लावायचे आणि साखर तोंडात टाकायचे.

मला ती साखर गिळवेना.

कारण ऑपरेशनच्या आधीची टाळू माझ्या बोटांना आठवत होती. डोळ्यांना फसवता येतं. टाळू भरली म्हणजे नुसती सपाट झाली की ताणली गेली, हे लांबून कळत नाही. बोटाला कळतं. आपल्या कानाची पाळी दाबून बघा. मग नाकाचा शेंडा दाबून बघा. मग कपाळ. ऑपरेशननंतर पोरीची टाळू कानाच्या पाळीसारखी लागायची. आता ती नाकाच्या शेंड्यासारखी लागत होती. ऑपरेशनच्या आधी ती कपाळासारखी झाली होती.

हे मला कुणी शिकवलं नाही. पण प्रॅक्टिकलला आमचे सर एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवायचे: रीडिंग नेहमी एकाच परिस्थितीत घ्यायचं. ब्युरेट, म्हणजे आकडे आखलेली काचेची नळी, सरळ, डोळा पाण्याच्या पातळीला, मगच आकडा. मी पोरीच्या बाबतीत तेच केलं. ती रडायला लागली की टाळू वर यायची, हे माझ्या लक्षात आलं. आडवी ठेवली की वर यायची. खांद्यावर उभी घेतली, शांत झाली, की खाली बसायची. म्हणजे बघायचं ते ती उभी असताना आणि शांत असताना. बाकीची सगळी रीडिंग खोटी. मी रोज तिला दूध पाजून खांद्यावर टाकायची, ती पेंगली की बोट ठेवायची. आणि आता ती पेंगली, खांद्यावर, शांत, तरी टाळू खाली बसत नव्हती.

सर्जनच्या दिवशी मी तिला घेऊन गेले.

त्याच्या ओपीडीची एक पद्धत होती. बाहेर पॅसेजमध्ये बाकं, बाकांवर आम्ही सगळ्या आया, आत एक खोली. नाव पुकारलं की आत जायचं, पोर टेबलावर आडवं टाकायचं, सिस्टर कपडे सैल करणार, डोक्याचा घेर मोजायला टेप लावणार, मग सर्जन खुर्चीवरून उठून टेबलाशी येणार. त्या खोलीला स्पिरिटचा वास. माझ्या पोरीला तो वास ओळखीचा झाला होता. उंबरा ओलांडला की ती बोंब ठोकायची. टेबलावर टाकेपर्यंत लालबुंद.

"डॉक्टर, टाळू टाईट वाटते."

त्याने टाळूवर हात ठेवला. "रडतेय ना ती. रडतेय म्हणून फुगली."

"नाही, घरी शांत असतानापण..."

"सिस्टर, टेप काय म्हणतो?"

टेप शिंप्याकडे असतो तसला, कापडाचा, कडा विसकटलेल्या. ओढला की लांब होणारा. सिस्टर एकदा भुवयांवरून घ्यायची, एकदा त्याच्या वरून, पोर डोकं हलवेल तसा. "फारशी वाढ नाही, सर."

"वाढ नाही. पुढच्या आठवड्यात या."

घरी आले तर नवरा म्हणाला, "डॉक्टर बोलले ना नॉर्मल आहे? मग टेन्शन घेऊ नको. आणि मलापण देऊ नको."

पुढच्या आठवड्यात मी तयारीने गेले. तिला दूध न पाजता आणलं, पॅसेजमध्ये पाजलं, झोपवलं. नाव पुकारलं, उंबरा ओलांडला, आणि स्पिरिट. पुन्हा तीच बोंब, तेच टेबल, तोच टेप.

"रडतेय म्हणून फुगली," तो म्हणाला.

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "डॉक्टर, रडत्या बाळाच्या टाळूवरून प्रेशर कसं सांगता? आम्ही ब्युरेट तिरका धरून रीडिंग घेतलं असतं तर सरांनी जर्नल खिडकीबाहेर फेकलं असतं. ती शांत असताना बघा."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही काय करता, मॅडम?"

"बीएस्सी आहे. केमिस्ट्री."

"छान. मग केमिस्ट्री तुम्ही बघा, मेंदू आम्ही बघतो."

त्याचा शिकाऊ डॉक्टर हसला. सिस्टरही हसली. माझ्यामागे उभी असलेली पुढच्या नंबरची बाईसुद्धा हसली, तिला तर काय झालं तेही माहीत नव्हतं. बापाने अख्ख्या गाळ्याला वाटलेले पेढे मला त्या खोलीत आठवले आणि कानशिलं तापली. मी पोर उचलली आणि बाहेर आले. बसमध्ये मी रडले नाही. मी रागाने खिडकीचा दांडा इतका घट्ट धरला होता की कंडक्टर म्हणाला, "ताई, गाडी तुटेल."

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. पोर सकाळी उठली की ओकायची. दूध कमी प्यायची. आत्याबाई म्हणाल्या, "दात येत असत्याल." मग ती जास्त झोपायला लागली, आणि आत्याबाईंना वाटलं, बरं झालं, लेकरू निवांत झोपतं. मी टाळूवर बोट ठेवायची आणि माझं स्वतःचं कपाळ चाचपायची. फरक कमी कमी होत होता. सर्जनच्या दिवसाला दोन दिवस राहिले असताना तिच्या डोळ्यांची बुबुळं पुन्हा खाली घसरलेली दिसली. बांगड्या वाजवल्या. तिने मान वळवली, डोळे वळवले नाहीत.

तो सर्जन यायच्या आधी मी हॉस्पिटलात जाऊन आले. तिथल्या माणसाने सांगितलं, सर आल्यावरच, केस सरांची आहे. नवऱ्याला मी सांगितलं, तर तो म्हणाला, "मागच्या वेळी अपमान करून घेतलास ना? आता परत जाऊन काय भांडणार?" मी म्हटलं, "हो. भांडणार." तो कळंबोलीला गेला. मी बापाला निरोप धाडला.

बाप मार्केटातून तसाच आला. खाकी चड्डी, डोक्याला फडकं, खांद्याला कांद्याचा वास. पोर त्याच्या खांद्यावर टाकली आणि ती गप्प झाली. तिला तो खांदा आवडायचा. रुंद होता आणि हलायचा नाही. पॅसेजमध्ये बाप भिंतीला पाठ लावून उभा राहिला, बाकावर बसला नाही, कारण बसलं की ती जागी व्हायची.

नाव पुकारलं. मी एकटी आत गेले.

"पेशंट कुठाय?"

"बाहेर. झोपलीये. उभी आहे आणि शांत आहे. तुम्ही बाहेर या आणि आत्ता हात लावा."

"मॅडम, पेशंट आत आणा."

"आत आणली की रडते. रडली की तुम्ही म्हणता रडतेय म्हणून फुगली. तुम्ही या."

"अहो, ओपीडी आहे ही. सिस्टर, नेक्स्ट."

मी दारात उभी राहिले. पुढच्या नंबरची बाई पोर घेऊन आली ती माझ्यापाशी अडली. शिपाई म्हणाला, "ओ मॅडम, साईडला व्हा." मी झाले नाही. बाकावरून एकजण ओरडली, "आमाला पन नंबर हायत, काय समजलं काय?" आणि दुसरी तिच्यावर ओरडली, "तिचं लेकरू हाय गं, थांब जरा!" शिकाऊ डॉक्टर इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. मी इंग्रजीत म्हटलं, "आय अंडरस्टँड."

पॅसेजमधून बापाचा आवाज आला, मोठा, मार्केटातला: "सायेब, पोतं असतं तर मीच आत आनून टाकलं असतं तुमच्या टेबलावर. ही झोपलीया."

कुणीतरी हसलं. सर्जन हसला नाही. तो माझं ऐकून उठला असं मी म्हणणार नाही. तो उठला कारण दार अडलेलं होतं, आणि मला हलवायचा तोच एक मार्ग उरला होता. "चला," तो म्हणाला, "बघतो, मग तुम्ही जा. ठीक?"

तो बाहेर आला. माझ्या बापासमोर उभा राहिला. बाप त्याच्यापेक्षा उंच; त्याला पोरीच्या डोक्यापर्यंत हात वर करावा लागला. त्याने एक बोट ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं. मग दोन बोटं. पोर झोपेतच होती. मग त्याने अंगठ्याने तिची पापणी उचलली आणि आत बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची घाई गेली.

"हे कधीपासून आहे असं?"

मी काय सांगू? पॅसेजमधल्या सगळ्या बायका बघत होत्या. मी म्हटलं, "मागच्या खेपेपासून. आणि त्याच्या मागच्या खेपेपासून. तुम्हीच तर बघितलं."

तो मागे वळला. शिकाऊ डॉक्टरला म्हणाला, "आत्ता ॲडमिट करा. प्रेशर मोजायचंय."

कानामागे, कातडीखाली, नळीला जोडलेली एक छोटी डबी असते. बोटाला वाटाण्यासारखी लागते. त्या डबीत बारीक सुई घालायची आणि सुईला एक आखीव पारदर्शक नळी जोडून ती उभी धरायची. आतलं पाणी त्या नळीत जितकं वर चढेल तितकं प्रेशर. एवढं सोपं. बघितल्यावर मला वाटलं, अरे, ही तर ब्युरेटच आहे. सिस्टरने मला आत राहू दिलं, कारण पोर माझं साखरेचं बोट चोखल्याशिवाय गप्प बसेना. सुई टोचली तशी ती किंचाळली. पाणी नळीत सरसर वर गेलं. शिकाऊ डॉक्टर वाकून आकडा वाचायला लागला.

सर्जन त्याला म्हणाला, "थांब. रडणं थांबू दे. रडताना रीडिंग घ्यायचं नसतं, खोटं येतं."

मी पोरीच्या तोंडात बोट धरून उभी होते. मी ते वाक्य ऐकलं.

म्हणजे त्याला माहीत होतं. मी जे घरात बसून बोटांनी शोधलं, जे सांगितलं म्हणून चारचौघांत हसं करून घेतलं, ते त्याला आधीपासून माहीत होतं. त्याच्या धंद्याचा पहिला नियम होता तो. तो शिकाऊ पोराला सांगायला त्याच्याकडे सवड होती. रडणारी पोर टेबलावर आहे, थोडं थांबू, आईच्या खांद्यावर देऊ, शांत झाली की बघू, एवढी सवड मात्र त्याने दोन्ही खेपांना काढली नव्हती. अडाणी असता तर मी माफ केलं असतं. अडाण्यांना मी जन्मभर माफ करत आलेय. माझं सगळं घराणंच त्यांचं आहे. पण माहीत असून न करणाऱ्याचं काय करायचं?

पोर शांत झाली. सगळे थांबले. नळीतलं पाणी थोडं खाली आलं आणि तिथेच राहिलं, खूप वर. आकडा मला कुणी सांगितला नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. नळीचं पोटातलं टोक तुंबलं होतं. त्यांनी ते बदललं. नवरा कळंबोलीहून धावत आला, शर्टला लोखंडाचा गंज. सर्जन बाहेर आला आणि माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलला, "ठीक आहे. वेळेवर आणलंत." आणि माझ्या नवऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. थँक्यू डॉक्टर, थँक्यू डॉक्टर. मी नवऱ्याशी किती दिवस बोलले नाही ते त्याला विचारा. त्याला अजून कारण कळलेलं नाही. तो म्हणतो, "अगं पण पोर वाचली ना?" वाचली. म्हणून काय झालं?

आत्याबाई मात्र माझ्याशी नीट वागल्या. वॉर्डात आल्या, पोरीच्या पट्ट्या बांधलेल्या डोक्याकडे बघत बसल्या, मग पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "म्या साखर वाटली गं. पोरीचं डोस्कं फुटायला आलं हुतं आन् म्या साखर वाटली." त्यांच्यावर मला रागवता आलं नाही. त्यांचं एक लेकरू जुलाबात गेलेलं, साताऱ्याला असताना. जाताना त्याची टाळू खोल खोल गेली होती. ते त्यांनी स्वतःच्या तळव्याखाली अनुभवलं होतं. खोल टाळू म्हणजे मरण, भरलेली म्हणजे जगणं, हे त्या कुणाचं ऐकून बोलत नव्हत्या. ते खरंच होतं, जुलाबाच्या बाबतीत. दुसरा एक आजार असतो ज्यात हे सगळं उलटं होतं, हे त्यांना सांगण्याचं काम ज्याचं होतं तो म्हणाला, ते आम्ही बघू.

मी त्यांचा हात धरला आणि पट्टी सुटल्यावर त्यांच्याच बोटाने त्यांना शिकवलं. खांद्यावर घ्या, शांत होऊ द्या, मग ठेवा. कानाची पाळी. नाकाचा शेंडा. कपाळ. त्यांनी एकदाच ऐकलं. त्यानंतर त्या घरमालकिणीला, शेजारणीला, भाजीवालीलासुद्धा हात लावू द्यायच्या नाहीत. "आदी पोरगी गप् हुंदे," असं दरडावायच्या.

डोळ्यांचं मात्र मागे राहिलं. बुबुळं वर आली, पण डावा डोळा नाकाकडे वळायला लागला. काही महिने गेल्यावर सर्जनने डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, वाशीतच. हा डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्याने कागद वाचले, पानं उलटली, आणि मान हलवून म्हणाला, "प्रेशर बरेच दिवस राहिलेलं दिसतंय. डोळ्याच्या नसेवर परिणाम होतो अशाने. थोडं लवकर आणायला हवं होतं, आई."

कागदात माझी तक्रार कुठेच लिहिलेली नव्हती. 'टाळू: रडत असल्याने सांगता येत नाही' एवढंच दोनदा इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी ते वाचलेलं होतं; वाचता येतं मला.

"बसा, डॉक्टर," मी म्हटलं. तो बसलेलाच होता. मी पहिल्यापासून सांगितलं. तेल, साखर, टेप, स्पिरिटचा वास, केमिस्ट्री तुम्ही बघा. तो मधे एकदा घड्याळाकडे बघून म्हणाला, "बाहेर पेशंट आहेत हो." मी म्हटलं, "असू देत." आणि बोलत राहिले. त्याची काही चूक नव्हती. पण त्या दिवशी ते ऐकायला तोच समोर होता, आणि 'लवकर आणायला हवं होतं' हे वाक्य यापुढे कुठल्या आईला बोलण्याआधी त्याची जीभ जरा तरी अडखळावी, एवढीच माझी इच्छा होती.

माझं संपलं तेव्हा त्याने कागद बाजूला ठेवले. पोरीला माझ्या मांडीवर उभी करायला सांगितली. एक लाल चेंडू तिच्यासमोर धरला आणि तळहाताने तिचा डावा डोळा झाकला. ती चेंडूकडे बघून हसली, हात पुढे केला. डावा डोळा झाकलेला तिला कळलासुद्धा नाही.

मग त्याने उजवा झाकला.

तिचं हसणं थांबलं. तिने मान इकडे वळवली, तिकडे वळवली, चेंडू होता तिथेच होता. मग तिने मूठ वळली आणि डॉक्टरच्या हातावर फटका मारला. पुन्हा मारला, जोरात, आणि तोंडाने ओरडली. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला, मी तिला आवरेन म्हणून.

मी आवरलं नाही.